चरबी वाढते आणि इन्सुलिन सुधारतं: ग्लिटाझोनचं कोडं

मधुमेहाच्या औषधांमध्ये एक औषध मला फार विचित्र वाटतं. ते सुरू केलं की बऱ्याच जणांचं वजन दोन-चार किलोंनी वाढतं. त्यातलं थोडं अंगात साठलेल्या पाण्याचं असतं, पण चरबीही खरोखर वाढते. आणि त्याच माणसांमध्ये इन्सुलिन मात्र आधीपेक्षा चांगलं काम करायला लागतं. औषधाचं नाव पायोग्लिटाझोन.

वजन वाढलं की शुगर बिघडते, हे आपल्याला इतकं पाठ झालंय की याच्या उलट काही ऐकलं तर कुणाची तरी चूक झाली असणार असंच वाटतं. माझ्या आत्याला तसंच वाटलं. तिचा फोन आला, "काय गं, शुगरची गोळी दिली आणि मी तीन किलो वाढले. भलतीच गोळी तर नाही ना दिली? बंद करू का?" आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार, पायांवर सूज येतेय का, जिना चढताना दम लागतो का तेही सांग, एवढं मी तिला फोनवर सांगितलं. (मी पीएचडी करतेय. उद्या नावाआधी डॉक्टर लागलं तरी गोळ्या लिहून देणारी डॉक्टर मी होणार नाही, हे आमच्या घरी अजून कुणाला पटलेलं नाही.) पण तिची शंका अगदी रास्त होती. तिचं उत्तर द्यायचं तर मधुमेहात स्नायूंमध्ये नेमकं काय बिघडतं, इथपासून सुरुवात करावी लागते.

स्नायूंची दारं

इन्सुलिन म्हणजे किल्ली आणि पेशी म्हणजे कुलूपबंद खोली, ही उपमा सगळ्यांनी ऐकलेली असते. ती चुकीची नाही, पण खरी गंमत तिच्यात येत नाही. स्नायूच्या पेशीत ग्लुकोज ज्या दारांमधून आत जातं, ती ग्लूट-४ नावाची प्रथिनं एरवी बहुतेक पेशीच्या आवरणावर नसतातच. आत छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये ती ठेवून दिलेली असतात. इन्सुलिन बाहेरच्या रिसेप्टरला चिकटलं की आत निरोप निघतो. रिसेप्टर तो आयआरएस-१ या प्रथिनाला देतो, तिथून पीआय-३ कायनेज, तिथून एकेटी. एकेटीपर्यंत निरोप पोचला की त्या पिशव्या आवरणाकडे सरकतात, त्यात मिसळतात, आणि दारं भिंतीत बसतात. म्हणजे इन्सुलिन बंद दार उघडत नाही, ते दारच आणून बसवायला लावतं.

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे हा निरोप वाटेत कुठेतरी अडकणं. इन्सुलिन रक्तात भरपूर आहे, रिसेप्टरही आहेत, पण आतल्या साखळीत कुणीतरी निरोप पुढे देत नाही.

हे माणसात मोजायची एक पद्धत आहे, तिला क्लॅम्प म्हणतात. राल्फ डीफ्रॉन्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ती तपशीलवार मांडली. एका शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडत राहायचं. दुसरीकडून ग्लुकोज सोडायचं, आणि दर काही मिनिटांनी रक्त तपासून त्याचा वेग असा कमी-जास्त करायचा की रक्तातली साखर जागची हलू नये. साखर स्थिर ठेवायला जितकं जास्त ग्लुकोज ओतावं लागेल, तितकं ते शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतंय. काही तासांचं कंटाळवाणं काम, पण आजही बाकीच्या सगळ्या चाचण्या याच पद्धतीशी ताडून बघतात. अशा प्रयोगांत दिसलं की इन्सुलिन भरपूर असताना शरीर जे ग्लुकोज उचलतं, त्यातलं साधारण ७० ते ८० टक्के स्नायूंमध्ये जातं.

मग स्नायू त्या ग्लुकोजचं काय करतात? बराचसा भाग ग्लायकोजेन म्हणून साठवतात. येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने चुंबकीय अनुनादाचं तंत्र वापरून, म्हणजे एमआरआयच्याच चुलत भावंडाने, जिवंत माणसाच्या पोटरीत ग्लायकोजेन किती वेगाने तयार होतं ते मोजलं. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं की टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये हा वेग निरोगी माणसांच्या निम्म्याहूनही कमी असतो. बिघाड कुठे आहे ते कळलं. तो कशामुळे होतो, हा पुढचा प्रश्न होता.

संशय चरबीवरच का आला

चरबीवरचा संशय जुना आहे. १९६३ मध्ये केंब्रिजमध्ये फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या आणि श्वासपटलाच्या स्नायूंवर काम करून एक कल्पना मांडली. स्नायूकडे ग्लुकोज आणि फॅटी ॲसिड अशी दोन इंधनं असतात, आणि त्यांची आपसात स्पर्धा चालते. फॅटी ॲसिड जास्त जळायला लागलं की त्यातून तयार होणारे पदार्थ ग्लुकोज जाळायच्या वाटेत अडथळा आणतात. पुढे वाट तुंबली की मागे ग्लुकोज-६-फॉस्फेट साचतं, आणि मग नवीन ग्लुकोज आत घेणंच मंदावतं. घाटात पुढे ट्रक बंद पडला की मागे रांग लागते, तसं.

कल्पना सुबक होती आणि तीस वर्षं टिकली. १९९६ मध्ये येलच्या गटाने तिची सरळ परीक्षा घेतली. निरोगी माणसांच्या शिरेतून चरबीचं द्रावण सोडून रक्तातली फॅटी ॲसिडं वाढवली. तीन-चार तासांत चांगल्या धडधाकट माणसांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स दिसायला लागला. इथपर्यंत रँडल बरोबर. पण स्नायूत ग्लुकोज-६-फॉस्फेट वाढायला हवं होतं, ते उलट कमी झालं. म्हणजे घाटात रांग लागलीच नव्हती. गाड्या पायथ्याशीच थांबल्या होत्या. अडचण ग्लुकोज जाळण्यात नव्हती, आत येण्यात होती. चरबी निरोपाच्या साखळीतच काहीतरी करत होती. मला हा निकाल फार आवडतो, कारण एकच आकडा वर जातो की खाली यावर एक अख्खी समजूत बदलली.

तर ती काय करते? स्नायूच्या पेशीत शिरलेल्या फॅटी ॲसिडचं तीनपैकी काहीतरी एक होतं. ते मायटोकॉन्ड्रियात जाऊन जळतं. किंवा ट्रायग्लिसराइड बनून थेंबाच्या रूपात बाजूला साठून राहतं. किंवा मग अर्ध्या वाटेवरच्या काही रेणूंच्या रूपात पेशीत फिरत राहतं. या तिसऱ्या गटातला एक रेणू डायअसाइलग्लिसरॉल, थोडक्यात डीएजी. त्रास इथे आहे. डीएजी हा पेशीच्या रोजच्या कामकाजातला निरोप्याही असतो. त्याचं प्रमाण वाढलं की पीकेसी-थीटा नावाचं एन्झाइम जागं होतं आणि इन्सुलिनचा निरोप आयआरएस-१ पाशीच अडवला जातो. सिरॅमाइड नावाचा दुसरा एक रेणू जरा पुढे, एकेटीपाशी, हेच काम करतो. या दोघांपैकी खरा गुन्हेगार कोण, यावर लोक परिषदांमध्ये अजून हमरीतुमरीवर येतात.

गंमत अशी की साठलेला थेंब त्यामानाने निरुपद्रवी दिसतो. २००१ मध्ये ब्रेट गुडपास्टर आणि सहकाऱ्यांनी मांड्यांच्या स्नायूंचे तुकडे तपासले, तर लांब पल्ल्याचं पळणाऱ्या-सायकल चालवणाऱ्यांच्या स्नायूंमध्येही मधुमेहींइतकी चरबी निघाली. आणि या खेळाडूंचं इन्सुलिन तर उत्तम चालत होतं. याला खेळाडूंचा विरोधाभास म्हणतात. त्यांच्या स्नायूंमध्ये थेंब रोज भरतात आणि रोज रिकामे होतात. घरातल्या डब्यातलं पीठ जसं संपतं आणि परत भरलं जातं. बैठ्या माणसाच्या स्नायूतलं पीठ पडून पडून त्याला अळ्या होतात.

हे मी स्वतःच्या डिशमध्ये जवळजवळ रोज बघते. आमच्या प्रयोगशाळेत सी२सी१२ नावाच्या उंदराच्या स्नायुपेशी वाढवतात. त्यांना पामिटेट हे संपृक्त फॅटी ॲसिड दिलं की एका रात्रीत त्या इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, आणि जरा जास्त दिलं तर मरतात. त्याच डिशमध्ये पामिटेटच्या जोडीला ओलिएट दिलं, म्हणजे ऑलिव्ह किंवा शेंगदाणा तेलात भरपूर असतं ते, तर पेशी वाचतात. एकूण चरबी तर आणखी वाढलेली असते! पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल रंगवलेले टपोरे थेंब दिसतात. ओलिएट पामिटेटला सोबत घेऊन थेंबात नेऊन बसवतं. (पामिटेट पाण्यात विरघळवणं हा वेगळाच छळ आहे. सोडियम पामिटेट म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत साबणच. गरम करून घाईघाईने प्रथिनाच्या द्रावणात मिसळलं नाही तर नळीत वडी जमते. पहिले सहा महिने मी संशोधन कमी आणि साबणाचा कारखाना जास्त चालवत होते.)

ही डिशमधली गोष्ट झाली, माणसातली नाही. याच्यावरून उद्यापासून तेलाचा ब्रँड बदलू नका.

कोठी मोठी करणारं औषध

आता आत्याच्या गोळीकडे येऊ.

ग्लिटाझोन गटातलं पहिलं औषध, सिग्लिटाझोन, जपानच्या ताकेदा कंपनीत सापडलं. रक्तातली चरबी उतरवणारं काहीतरी शोधता शोधता लठ्ठ मधुमेही उंदरांमध्ये एका रेणूने साखर उतरवलेली दिसली, तिथून हा धागा सुरू झाला. ते काम कसं करतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. माणसांसाठी ट्रोग्लिटाझोन १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं आणि यकृताला इजा होते म्हणून २००० मध्ये मागे घ्यावं लागलं. तोवर, १९९५ मध्ये, ही औषधं पेशीत कुठे चिकटतात ते कळलं होतं: पीपार-गॅमा नावाच्या प्रथिनाला. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात बसून जनुकं चालू-बंद करतं.

आणि इथे सगळे गोंधळले. कारण पीपार-गॅमा मुख्यतः चरबीच्या पेशींमध्ये असतं. स्नायूत ते अगदी थोडं. औषध जाऊन बसतं चरबीत, आणि सुधारतात स्नायू! हे कसं?

उत्तर समजायला आपल्या जुन्या घरातली कोठीची खोली डोळ्यांसमोर आणा. धान्याची पोती कोठीत असली की स्वयंपाकघर मोकळं राहतं. कोठी भरली, किंवा मुळातच लहान असली, की पोती ओट्यावर, माजघरात, जिन्यात यायला लागतात, आणि स्वयंपाक करणंच मुश्कील होतं. त्वचेखालची चरबी ही शरीराची कोठी. यकृत आणि स्नायू म्हणजे कामाच्या जागा. पीपार-गॅमा चालू झालं की नवीन चरबीच्या पेशी तयार होतात, जुन्या पेशी रक्तातली फॅटी ॲसिडं जास्त उचलतात आणि धरून ठेवतात. ओट्यावरची पोती कोठीत परत जातात. वजनाचा काटा फक्त कोठी वाढल्याचं दाखवतो. ओटा मोकळा झाल्याचं त्याला दिसत नाही.

ही नुसती छान उपमा आहे की खरं आहे? याचा मला पटलेला सगळ्यात भक्कम पुरावा काही विलक्षण उंदरांमधून येतो. ए-झिप नावाच्या उंदरांमध्ये जनुकीय बदलामुळे पांढरी चरबी जवळपास नसतेच. लठ्ठपणा हेच मधुमेहाचं मूळ असेल तर हे उंदीर जगातले सगळ्यात निरोगी असायला हवेत. प्रत्यक्षात त्यांना भयंकर मधुमेह होतो, यकृत आणि स्नायू चरबीने भरून जातात. त्यांच्या अंगात दुसऱ्या उंदरांची चरबी रोपली की मधुमेह हटतो. आणि मुख्य मुद्दा: चरबी नसलेल्या या उंदरांना ग्लिटाझोन दिलं तर साखर उतरतच नाही. २००० मध्ये हा निकाल आला. कोठीच नाही तर ती मोठी कशी करणार?

याच्या उलटही करून झालंय. २००७ मध्ये टेक्सासमधल्या एका गटाने लठ्ठ उंदरांमध्ये अडिपोनेक्टिन हे चरबीतून सुटणारं हॉर्मोन कायम वाढतं ठेवलं. ते उंदीर आणखी लठ्ठ झाले, फुग्यासारखे, आणि त्यांची साखर मात्र जवळपास ठीक झाली. ग्लिटाझोन घेणाऱ्या माणसांमध्येही अडिपोनेक्टिन वाढतंच. आणि ज्या मोजक्या माणसांमध्ये जन्मतःच पीपार-गॅमाच्या जनुकात मोठा दोष असतो, त्यांच्या हातापायांवर चरबी कमी असते आणि इन्सुलिन रेझिस्टन्स प्रचंड.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. २००२ मध्ये येलमध्येच टाइप २ मधुमेहींना तीन महिने रोसिग्लिटाझोन देऊन पाहिलं. रक्तातली फॅटी ॲसिडं आणि यकृतातली चरबी साधारण ४० टक्क्यांनी घटली, स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली. स्नायूच्या पेशींमधली साठलेली चरबी मात्र कमी झाली नाही. ओटा मोकळा होतो म्हणावं, तर ओट्यावरचे डबे तसेच! माझं मत असं की हा निकाल कल्पनेच्या विरोधात जात नाही, तो तिला नेमकं करतो. डब्यात बंद असलेलं पीठ अडचणीचं नव्हतंच, सांडलेलं पीठ होतं. रक्तातून येणारा फॅटी ॲसिडचा लोंढा घटला की अर्धवट रेणू तयार होणं घटतं, थेंब असोत वा नसोत. पण हे माझं वाचन झालं. या अभ्यासात रुग्णही थोडेच होते, आणि जिवंत स्नायूत डीएजी मोजायला तुकडा काढावा लागतो, त्यामुळे असे प्रयोग मोजकेच होतात.

पुण्यातलं बाळ

कोठीची ही गोष्ट आपल्याला परक्या देशातल्या लोकांपेक्षा जास्त लागू होते, आणि ते आधी दाखवलं पुण्यातल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. कपडे घातलेल्या फोटोत दोघेही सडपातळ. त्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांमधली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून बघितली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी त्यामानाने टिकून. म्हणजे जन्मतःच स्नायू कमी आणि चरबीचा वाटा जास्त.

मोठेपणी यात भर पडते ती पोटाच्या आतल्या आणि यकृतातल्या चरबीची. २००६ मध्ये अमेरिकेत तरुण, सडपातळ, निरोगी पुरुष तपासले तेव्हा भारतीय वंशाच्या पुरुषांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स आणि यकृतातली चरबी इतरांपेक्षा ठळकपणे जास्त निघाली. हातापायाची, मांड्यांची सुरक्षित कोठी आपल्याकडे लवकर भरत असावी, असा एक तर्क आहे. "मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी विचारलेला असतो. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अंदाजानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ते सगळे लठ्ठ नाहीत.

मग हे औषध सगळ्यांना का देत नाहीत?

कारण त्याची किंमत मोजावी लागते. पीपार-गॅमा मूत्रपिंडातही काम करतं आणि मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. हृदय आधीच थकलेलं असेल तर हे पाणी झेपत नाही, म्हणून हार्ट फेल्युअर असलेल्यांना ही औषधं देत नाहीत. अस्थिमज्जेतल्या ज्या मूळपेशींपासून हाड बनवणाऱ्या पेशी होतात, त्यांच्यापासूनच चरबीच्या पेशीही होतात. पीपार-गॅमा त्यांना चरबीकडे वळवतं. म्हणून हाडं ठिसूळ होतात, फ्रॅक्चर वाढतात, विशेषतः बायकांमध्ये. कोठी मोठी करायला घराच्या भिंतीचे दगड काढल्यासारखं झालं हे.

२००७ मध्ये रोसिग्लिटाझोनने हृदयविकाराचे झटके वाढतात असं एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. मोठा गदारोळ झाला, आणि २०१० मध्ये भारतात त्यावर बंदी आली. पायोग्लिटाझोनवर मूत्राशयाच्या कॅन्सरचा संशय होता. जून २०१३ मध्ये आपल्याकडे ते थांबवलं गेलं आणि जुलै संपता संपता, ठळक इशाऱ्यासह, परत सुरू झालं. ते स्वस्त आहे आणि अनेकांना उपयोगी पडतं, हा डॉक्टरांचा आग्रह होता. दुसऱ्या बाजूला, २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या पण इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांना पायोग्लिटाझोन दिलं, तर पुन्हा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण ११.८ वरून ९ टक्क्यांवर आलं. फ्रॅक्चर मात्र वाढली. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, कमी डोस द्यायचा का, हे माणूस बघून ठरतं. व्हॉट्सॲपवरून ठरत नाही.

अहमदाबादच्या झायडसने बनवलेलं सारोग्लिटाझार याच घराण्यातलं, २०१३ मध्ये भारतात मंजूर झालेलं. ते पीपार-गॅमाला हलकंच आणि यकृतात चरबी जाळायला लावणाऱ्या पीपार-अल्फाला जास्त चेतवतं.

आणि मेटफॉर्मिन?

सगळ्यात जास्त खाल्ली जाणारी गोळी ही, आणि तिच्याबद्दल गैरसमजही जास्त. तिला "इन्सुलिनची संवेदनशीलता वाढवणारी" म्हणतात, पण स्नायूत ती थेट फारसं काही करत नाही. तिचं मुख्य काम यकृतात नवीन ग्लुकोज बनणं कमी करण्याचं, आणि काही आतड्यात.

पेशीतली ऊर्जा कमी पडली की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं, आणि मेटफॉर्मिन ते यकृतात जागं करतं. हेच एएमपीके स्नायूत चालू झालं तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. ते मॅलोनिल-सीओए नावाचा रेणू कमी करतं. मॅलोनिल-सीओए हा मायटोकॉन्ड्रियाच्या फाटकावरचा राखणदार. तो हटला की फॅटी ॲसिडं आत जाऊन जळायला लागतात. शिवाय ग्लूट-४ ची दारंही आवरणाकडे निघतात, इन्सुलिनच्या निरोपाशिवाय. स्नायूत एएमपीके चालू करायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे स्नायू आकुंचन पावणं. चालणं, जिने चढणं, वजन उचलणं. इन्सुलिनच्या अडकलेल्या साखळीला वळसा घालून जाणारी ही दुसरी वाट मधुमेहातही बऱ्यापैकी शाबूत असते. जेवणानंतर शतपावली केली की साखर कमी चढते, ती यामुळेच.

नवीन औषधांबद्दल थोडक्यात. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं (२०२० मध्ये पेटंट संपल्यावर आपल्याकडे बरीच स्वस्त झाली) साखर लघवीवाटे बाहेर काढतात. स्नायूला ती हातही लावत नाहीत. तरी २०१४ मध्ये डीफ्रॉन्झो यांच्याच गटाने क्लॅम्प लावून दाखवलं की दोन आठवड्यांत स्नायूंचं ग्लुकोज उचलणं सुधारतं. रक्तातली चढी साखर स्वतःच स्नायूंना बधिर करत असते, ती उतरली की ते सावरतात. सेमाग्लुटाइड आणि मार्च २०२५ पासून आपल्याकडे मिळणारं टिर्झेपाटाइड यांचा मार्ग वेगळा: भूकच कमी, त्यामुळे पोती येणंच कमी. पण कमी झालेल्या वजनात साधारण पाव ते चाळीस टक्के हिस्सा चरबीव्यतिरिक्तचा, म्हणजे स्नायू वगैरेंचा असल्याचं चाचण्यांमध्ये दिसलंय. जन्मतःच स्नायू कमी असलेल्या आपल्यासारख्यांनी ही औषधं घेताना प्रथिनांकडे आणि वजनं उचलण्याच्या व्यायामाकडे दुर्लक्ष केलं, तर ज्याच्यात ग्लुकोज जायचं तो स्नायूच आटेल, ही काळजी मला खरी वाटते.

सध्या माझ्या डिशमध्ये चाललेला प्रश्न याहून बराच लहान आहे. डीएजी पेशीत कुठे बसलेलं आहे, आवरणापाशी की आतल्या थेंबाशेजारी, यावर त्याचा उपद्रव ठरतो असं दिसतंय. एकूण डीएजी मोजून म्हणूनच लोकांचे निकाल जुळत नसावेत. पेशीचे हे भाग वेगळे करायची पद्धत अजून हातात नीट बसायची आहे. ती बसली की सिरॅमाइड विरुद्ध डीएजी या भांडणावर लिहीन. तोवर काही अडलं असेल तर खाली विचारा. फक्त रिपोर्टचे फोटो पाठवू नका, ते तुमच्या डॉक्टरांना दाखवा.